आठव्या डब्यातली शेवंती

या फोरमवरचे भुताटकीचे अनुभव मी गेली दोन वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर वाचण्यापेक्षा भांडतेच जास्त. कुणी लिहिलं की पंखा आपोआप सुरू झाला, की खाली "रेग्युलेटर बदला" असं लिहिणारी ती खवट बाई – मीच! माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. आमच्या नाशकात देशभरातून लोक ग्रह शांत करायला येतात. त्यांच्या गाड्यांच्या गर्दीतून स्कूटी काढत आम्ही क्लासला जायचो, तेव्हा शांतीची गरज आमच्याच ग्रहांना जास्त असायची. तर अशी मी... आणि माझ्याच डोळ्यांसमोर, भर दुपारी चार वाजता, शे-दीडशे माणसांच्या देखत जे झालं ते मला आजतागायत सोडवता आलेलं नाही. आज आरोपीच्या पिंजऱ्यात मी उभी आहे. या भांडायला.

२००४ साल. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून पंचवटीत एका व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे मिक्सिंगला होते. मिक्सिंग म्हणजे लग्नाची कॅसेट 'भारी' करणं. नवरीचा चेहरा गुलाबात फिरवायचा, नवरदेवाला बर्फाच्या डोंगरापुढे उभा करायचा – मग तो सिन्नरचा असो की देवळ्याचा – आणि मंगलाष्टकांच्या वेळी वरून बदाम पाडायचे. हे सगळं करायला मजा यायची, पण एक मोठी कटकट होती, ती म्हणजे रेंडर. गुलाब फिरवायचा म्हटलं की बटण दाबा, आणि कॉम्प्युटर तासन् तास घुं घुं करत बसणार. आपण घरी जाऊन जेवून यायचं, आणि परत येऊन बघावं तर नवरीच्या नाकावर बदाम! की पुन्हा पहिल्यापासून.

त्यात पुण्याच्या एका मैत्रिणीने मला एक सीडी दिली. त्यात एक सॉफ्टवेअर होतं. नाव सांगत नाही, कारण नावावरूनच इथे अर्धी चर्चा भरकटेल. सुरू केलं की पांढरी कोरी पाटी यायची. तिच्यावर आपण डबे मांडायचे आणि डब्यांना तारा जोडायच्या. एक डबा ऐकणारा, एक मोजणारा, एक चित्र दाखवणारा. तार जोडली की लगेच चालू! रेंडर नाही, वाट बघणं नाही. चालू असतानाच तार काढा, दुसरीकडे लावा, चित्र तिथल्या तिथे बदलतं. मी माइक लावला, स्वयंपाकघरातून ताट आणलं आणि त्याच्यावर झारा हाणला... ठण्ण! आणि स्क्रीनवर झेंडूचं फूल उमललं. पुन्हा हाणला, पुन्हा फूल. मी तासभर ताट बडवत होते आणि एकटीच किंचाळत होते. आईने येऊन आधी मला पाहिलं, मग ताटाला पडलेले पोचे पाहिले. "शिकवून शिकवून हे ध्यान झालं," एवढंच बोलून ती गेली.

झेंडूच का? तर माझं आजोळ मखमलाबादचं, आणि मामाची फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे तोडायची, सकाळी बाजारात. पण रंगनाथमामाची खरी ओळख फुलांची नव्हती, ढोलाची होती. गावातलं आठ ढोलांचं पथक, आणि त्यातला आठवा, म्हणजे ओळीच्या शेवटचा ढोल मामाचा. नवीन माणसाने ओळीच्या मध्ये उभं राहायचं, शेवटी भरवशाचा माणूस लागतो, असं पथकाचे म्होरके दगडूअण्णा म्हणायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – ढोलाला दोन तोंडं. एका तोंडावर उजव्या हातातल्या काठीने, म्हणजे टिपरूने ठोका, आणि दुसऱ्यावर डाव्या पंजाने थापी. तरुणपणी विहिरीवरच्या इंजिनच्या पट्ट्यात मामाच्या डाव्या हाताची दोन बोटं सापडली होती. ती वाकडी जुळली. त्यामुळे मामाचा ठोका सगळ्यांबरोबर पडायचा, पण थापी मात्र एक कणभर मागून. कानाला चटकन कळायचं नाही, पण गावाला माहीत होतं. "रंगनाथची थापी आन् येष्टी, वेळेवर आली तर शकुन समजा," असं अण्णा भर मिरवणुकीत म्हणायचे आणि मामा सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

त्या वर्षी श्रावणात मी माझा तो खटाटोप पथकाला दाखवायचं ठरवलं. ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडून आठ इनपुटचं साउंड कार्ड हातापाया पडून आणलं. खेळण्यातल्या बझरमध्ये असते तशी पितळी चकती प्रत्येक ढोलाच्या कडेला चिकटवली. ढोल वाजला की चकती हलणार, तारेतून ते कार्डात येणार, आणि स्क्रीनवर त्या ढोलाच्या रकान्यात फूल उमलणार. आठ ढोल, आठ डबे, आठ रकाने. शेजारच्या ढोलाच्या हादऱ्याने भलतीच फुलं उमलू नयेत म्हणून एक मर्यादा ठेवली, तिच्यापेक्षा कमी जोराचं काही डब्याने ऐकायचंच नाही.

मामाच्या शेतातल्या शेडमध्ये पांढरी चादर बांधून प्रोजेक्टर लावला, आणि अण्णांनी इशारा दिला... अहो काय सांगू! आठ ढोल आणि पुढे मामाची मुलगी सुरेखा ताशावर. चादरीवर फुलांचा नुसता पाऊस! पोरं वाजवता वाजवता मान वळवून बघायला लागली आणि ठेक्याचा पार बट्ट्याबोळ झाला. अण्णा शिव्या देत होते आणि स्वतःही बघत होते.

मामा तर खुळावलाच. बाकीचे चहाला गेले तरी हा एकटाच वाजवतोय. मग थांबला, चादरीजवळ गेला, परत आला, वाजवला.

"भाचे, हे दुसरं फूल मागून का उमलतंय गं?"

"ती तुमची थापी आहे मामा."

त्याने पुन्हा वाजवून पाहिलं. डोळे मोठे केले. "आयला! खरंच मागं पडती की! म्हंजी इतकी वर्षं लोक खोटं बोलत नव्हते!" मग हळूच म्हणाला, "एक काम कर. झेंडू सगळ्यांना दे. मला शेवंती दे. पांढरी."

मी आठव्या डब्याला पांढरी शेवंती जोडली. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट केली. काही बिघडलं तर शोधता यावं म्हणून प्रत्येक ठोक्याची वेळ आणि जोर आपोआप एका फाइलमध्ये लिहिला जाईल असा एक डबा टाकला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गणपतीच्या आठवड्यात मामाला झटका आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा, आणि बोलणं जड झालं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम केला तर बराच फरक पडेल. एक मऊ रबरी चेंडू दिला, तो दिवसातून शंभर वेळा दाबायचा. मामाने तो दोन दिवस दाबला, आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने शेवंतीच्या वाफ्यात भिरकावला. मामीने तो शोधून आणला, धुऊन फडताळात ठेवला. मामाने पुन्हा मागितला नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे मामा बोलेनासा झाला. जड का होईना, जीभ चालत होती, पण हो-नाहीच्या पुढे जायचा नाही. ओसरीवर खाट टाकलेली, आणि समोरच शेड. हिवाळ्यात सुरेखाने तिथे एक नवा ठेका बसवायला घेतला, तिचा स्वतःचा. सात ठोके सरळ, आणि मग मध्येच एक जागा सोडून उडी. त्या उडीने भल्याभल्यांचा घाम काढला. सात जणांना तो हातात बसायला महिना गेला. रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली की मामा खाटेवर कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचा. मला ते बघवायचं नाही. राग यायचा, रडूही यायचं.

द्राक्षांचा हंगाम संपत आला तेव्हा दिंडोरीकडच्या बागाईतदारांनी बोलावलं – हंगाम संपल्याचं स्नेहभोजन आहे, पथक आणा, आणि त्या मुलीची कॉम्प्युटरवरची फुलंही आणा. आम्ही हुरळलो. पैशापेक्षा पहिल्यांदा परक्या गावात, परक्या लोकांपुढे! त्याच आठवड्यात मामाने अण्णांना बोलावून घेतलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा अख्खं वाक्य बोलला.

"अण्णा... माझा उतरवा."

हे काय ते सांगायला हवं. आमच्या मखमलाबादच्या पथकात एक रीत आहे. वाजवणारा कायमचा थांबला, की त्याचा ढोल 'उतरवतात'. त्या सकाळी सगळे मिळून ढोलाच्या दोऱ्या सैल करतात. सैल ढोल हार घालून ओळीत त्याच्या जागेवर एकदा शेवटचा ठेवतात, मुका. कार्यक्रम झाला की प्रत्येकाने त्याच्यावर हाताने एकेक थाप द्यायची, आणि मग म्होरक्याने पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, काढायचं. ते पान गंगेत, म्हणजे गोदावरीत सोडतात. पान गेलं की त्या ढोलावर तो माणूस पुन्हा वाजवत नाही. कधीच नाही.

सुरेखा रडली, अण्णांनी समजावलं, मामी पाया पडायची बाकी राहिली. मामा भिंतीकडे वळला. विषय संपला. सुरेखा वडिलांना दादा म्हणते, ती मला म्हणाली, "ताई, दादांचा ढोल उतरला ना, की मग दादा पण गेलेच समज. निस्ता श्वास राहील." आम्हा दोघींनाही ते पक्कं कळत होतं, आणि हातात काही नव्हतं.

कार्यक्रम द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये होता. दुपारचे चार, बाहेर एप्रिलचं ऊन, पण शेडला खिडक्याच नाहीत. शटर ओढलं की आत काळोख. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा आणि गंधकाचा वास भरून राहिलेला. लोडशेडिंग होतं, म्हणून मागे जनरेटर. मी माझा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून पिकअपमध्ये मांडीवर घेऊन आले होते, एखादं तान्हं बाळ आणावं तसा.

पहिल्या रांगेत खुर्चीवर मामा, शेजारी मामी. मामाला आणायला नको होतं असं मला वाटत होतं, पण रीत आहे, ज्याचा ढोल त्याने समोर बसायचं. आठव्या जागेवर लाकडी घडवंचीवर त्याचा ढोल. दोऱ्या लोंबत होत्या, पान खाली बसलेलं, वर झेंडूचा हार. मी सात ढोलांना चकत्या लावल्या आणि वायरी आवरायला लागले.

"त्याला पण लाव," सुरेखा म्हणाली.

"अगं, तो वाजणार नाहीये."

"ओळीत सगळ्यांना हाय ना? मग त्याला पण लाव."

मी वाद घातला नाही. आठवी चकती लावली, तार कार्डात खोचली. स्क्रीनवरचा आठवा डबा मी तसाही काढलेला नव्हता. मन झालं नव्हतं.

सुरुवात झाली. पडदा वाजवणाऱ्यांच्या मागे होता, म्हणजे पथकाला तो दिसत नव्हता; मला आणि लोकांना दिसत होता. हे महत्त्वाचं आहे. पहिले दोन ठेके झकास गेले. पत्र्याच्या शेडमध्ये सात ढोल म्हणजे छाती आतून वाजते! सात रकान्यांत लाल-पिवळे झेंडू फुटत होते, आठवा रकाना काळा. पोरंसोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती. मी डबे बदलत होते, फुलं मोठी कर, फिरव, उधळ... लग्नाच्या बदामांत आयुष्य घालवलेल्या बाईला हे म्हणजे स्वर्ग होता हो!

मग सुरेखाने ताशावर नवा ठेका उचलला. सात ठोके... उडी... पुन्हा सात.

तिसऱ्या फेरीला आठव्या रकान्यात पांढरी शेवंती उमलली.

मी मनात म्हटलं, शेजारचा हादरा. मर्यादा थोडी वाढवली. पुढच्या फेरीला आणखी दोन शेवंत्या. मर्यादा आणखी वर. आता सातव्या ढोलाचे हलके ठोके गायब व्हायला लागले, तिथली फुलं गळाली, आणि शेवंती मात्र उमलतेच आहे! मी डब्यावरचा आकडा पाहिला. हादऱ्याचा आकडा कसा, वीस-बावीस. हा नव्वद. मध्ये चाळीस. पुन्हा नव्वद. मी झटकन ढोलाकडे पाहिलं. कुणी जवळ नाही. पान खाली बसलेलं. त्याच्यावरचा हारसुद्धा हलत नव्हता.

आणि मग मला ते दिसलं. एक शेवंती सगळ्या झेंडूंबरोबर उमलत होती, आणि दुसरी... कणभर मागून.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, पण भीती? शपथ सांगते, भीती नव्हती. मला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं. ठोका, आणि मागून थापी. ठोका, आणि मागून थापी. सातव्यानंतरच्या उडीलासुद्धा बरोबर उडी! जी उडी शिकायला आमच्या सात जणांना महिना लागला होता.

माउसचा बाण आठव्या तारेवर होता. एक क्लिक केली असती तर सगळं बंद. डिप्लोमावाली मी तेच करायला हवं होतं, आधी बंद कर, मग शोध. पण त्याच क्षणी माझी नजर मामाकडे गेली. मामा पडद्याकडे बघत होता. उजवा हात मांडीवर तसाच, पडून. डाव्याने खुर्चीची दांडी घट्ट धरलेली. पण त्याचा चेहरा... शेडमध्ये पहिल्यांदा फुलं पाहिली होती ना, तोच. ओठ हलत होते. सात, उडी, सात. मी माउसवरून हात काढून घेतला. मर्यादा पुन्हा पहिल्यासारखी केली आणि शेवंत्या अख्ख्या पडद्यावर सोडल्या. होऊ दे काय व्हायचं ते! लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या ठेक्यात पडायला लागल्या. मामीने मात्र पदर तोंडाशी धरला होता. तिला शेवंती कुणाची ते ठाऊक होतं.

ठेका संपला. शेवटचा ठोका सगळ्यांचा एकत्र पडला, झेंडू फुटले, आणि कणभराने एक शेवंती. मग काळोख.

दिवे लागले. पथकाला काहीच माहीत नव्हतं, ते घाम पुसत उतरवणीला उभे राहिले. मी पडदा बंद करायचं विसरले होते. अण्णांनी हार काढला. एकेक जण पुढे येऊन मामाच्या ढोलावर थाप देऊ लागला. भद्द. भद्द. सैल पानाचा असतो तसा. चकती तिथेच, तार तिथेच, डबा चालू. सात ढोलवाल्यांनी आणि सुरेखाने एकेक थाप दिली, त्यात सुरेखाची सगळ्यांत जोरात, रागाने मारलेली. आठव्या रकान्यात एकही फूल उमललं नाही. मी आकडे बघत होते. सगळे पंधराच्या आत.

अण्णांनी पान काढायला दोरीला हात घातला.

"अण्णा."

मामा होता. खुर्चीत पुढे वाकलेला.

"उतरवू नका. आवळा."

अण्णा म्हणाले, "रंगनाथ, दिलेला शब्द हाय. थापा झाल्या."

"झाल्या तर झाल्या," मामा एकेक शब्द ओढत म्हणाला. "आत्ता वाजवला मी. समद्यांनी पाह्यला. आवळा म्हंतो ना!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. मग सुरेखाने ताशा खाली ठेवला आणि पहिली दोरी ओढली, आणि मग सगळेच लागले. उतरवायला काढलेला ढोल जागेवर आवळलेला त्या पथकाने आजवर पाहिला नव्हता. मामी हुंदके देत मामाचा डावा हात चोळत होती. "बघ गं कीर्ती, तळहात कसा तापलाय." मी पाहिला. लालभडक होता.

येताना पिकअपमध्ये मामा पुढे बसला होता. मखमलाबाद जवळ आलं तसं त्याने मामीला विचारलं, "तो चेंडू... फेकला का ठिवला?"

"ठिवलाय," मामी म्हणाली.

"दे घरी गेल्यावर."

आता तुमचे प्रश्न. तुम्ही विचारायच्या आधी मी स्वतःला विचारलेत. जनरेटरचं कंपन? ते एकसारखं येईल, ठेक्यात नाही, आणि सगळ्या आठ तारांत येईल. शेजारच्या ढोलाचा हादरा? मर्यादा वाढवून पाहिली, आणि शेजारच्याची थापी वेळेवर होती. चकती खराब? तीच चकती पुढे दोन वर्षं वापरली. तळहात लाल? तो खुर्चीची दांडी आवळून झाला असेल, हे मी मान्य करते. सॉफ्टवेअरने श्रावणातली जुनी फाइल वाजवली? हा मला स्वतःला सगळ्यांत आवडलेला मुद्दा होता, मी त्याच्यावर आठवडा घालवला. पण तो ठेका श्रावणात जन्मालाच आला नव्हता! सुरेखाने तो हिवाळ्यात बसवला, आणि मामाने तो आयुष्यात कधी वाजवला नव्हता. फक्त ऐकला होता, भिंतीकडे तोंड करून, रोज.

दोन्ही फाइली मी शेजारी शेजारी उघडल्या. श्रावणातली थापी सगळ्यांच्या मागून किती, आणि एप्रिलमधली किती, ते काढलं. सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. दोन्हीकडे तेवढाच. माझ्या कॉलेजच्या सरांना दाखवलं, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तू हे कुणाला सांगू नकोस, नोकरी लागायची आहे तुला." पुण्याच्या मैत्रिणीने डबे-तारांची अख्खी जोडणी तपासली, तिला काही सापडलं नाही. मलाही नाही. चार वर्षं झाली, फाइल अजून आहे, आणि माझ्याकडे उत्तर नाही. एवढं कबूल करताना जिवावर येतंय, पण नाही.

मामाला मात्र त्यात काहीच विशेष वाटलं नाही. एकदा मी फारच खोदून विचारलं तेव्हा वैतागला. "तू तारा जोडल्या, मी वाजवला. तुझंच यंत्र, आन् मलाच इचारती?"

उजवा हात पूर्ण परत आला नाही. चेंडू दाबून दाबून कप धरण्यापुरता आला, टिपरू धरण्याइतका नाही. पण ढोलाला दोन तोंडं असतात. आता आठव्या जागेवर मामा खुर्ची टाकून बसतो. काठीचा ठोका सुरेखा देते आणि थापी मामा डाव्या हाताने. एका ढोलावर दोघं, असं नाशकात दुसऱ्या कुठल्या पथकात पाहिलंत तर मला कळवा. मी पडद्यामागे डबे आणि तारा घेऊन असते. गेल्या वर्षी पथकात सहा नवी पोरं आली. परवा तालमीत माझ्या लक्षात आलं की सहाही जणांची थापी कणभर मागून पडते आहे. मी अण्णांना म्हटलं, सांगा की त्यांना. अण्णा म्हणाले, "सांगितलं ना. ती म्हंत्यात, ठेका असाच असतो."